स्टोअररूममधलं चॅनल

हल्ली मिस्सा मोबाइलवर येते. नातीने मला शिकवून ठेवलंय, अंगठा टेकवायचा की वसईची, गोव्याची, थेट रोमची, पाहिजे त्या चर्चमधली मिस्सा समोर हजर. "ग्रॅनी, इट्स सो ईझी," ती म्हणते, आणि खरंच ईझी आहे. दुबईतल्या अल बर्शाच्या या सहाव्या मजल्यावर, सोफ्यावर पाय वर घेऊन मी मिस्सा लावते आणि फादरांचं प्रवचन सुरू झालं की डुलकी काढते. जाग येते तेव्हा फोन छातीवर पडलेला असतो आणि त्यात कुठल्यातरी तेलाची जाहिरात चालू असते. देवाचा कंटाळा आलाय असं नाही. या सोयीचा आलाय. मागितल्याबरोबर मिळणाऱ्या गोष्टीसमोर माणूस किती वेळ हात जोडून बसणार?

मुलगा म्हणाला, "मम्मी, तू अबुधाबीच्या दिवसांचं काहीतरी लिही ना. टाइम जाईल तुझा." माझा टाइम जात नाही असं याला कुणी सांगितलं कोण जाणे. चांगला भरभर चाललाय. पण त्याचं मन मोडवेना, म्हणून बसले. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आमच्या घरात सामवेदी, वसईकडची आमची बोली, बोलली जायची. ती जशीच्या तशी इथे उतरवली तर नात सोडाच, पुण्याचे लोकसुद्धा कपाळाला हात लावतील. म्हणून सगळ्यांच्या तोंडी सरळ मराठी घातली आहे. बस्त्यावमामांना ते आवडलं नसतं. तसं त्यांना बरंच काही आवडत नसे.

अबुधाबीतली आमची बिल्डिंग पाच मजल्यांची, मातकट रंगाची. एका वसईकराने तिथे फ्लॅट घेतला, त्याने चुलतभावाला बोलावलं, चुलतभावाने मेव्हण्याला, असं करत करत आम्ही सहा घरं झालो होतो. बाकी मल्याळी, दोन गोवेकर, आणि आमच्या खाली एक सुदानी मास्तर. आई सुके बोंबील भाजायला घ्यायची तेव्हा या मास्तरांनी एकदा गॅस गळतोय म्हणून नातूरला बोलावलं होतं. नातूर म्हणजे बिल्डिंगचा राखणदार. आमचा गुलखान, पेशावरकडचा. तो वर आला, दारात उभा राहून वास घेतला आणि खाली जाऊन मास्तरांना म्हणाला, "कुछ नहीं है साब, मछली है. ये लोग ऐसाच खाता है." घरात बॉटल मसाल्याचा वास, खिडकीतल्या एसीची घरघर, आणि संध्याकाळी तीन मशिदींची अजान, एकीच्या मागून दुसरी. दुपारी शाळेतून आलं की कालच्या रश्शात बुडवून खबूस, इथली रोटी, खायचा. वसईहून कुणी आलं की सुकेळी, तिकडची वाळवलेली केळी, यायची. ती आई कपाटात कपड्यांच्या मागे लपवायची आणि स्वतःच चोरून खायची.

पप्पा एका हॉटेलात मेंटेनन्सला होते. एसी, लिफ्ट, गिझर, टीव्ही, जे बिघडेल ते त्यांचं. दमून यायचे. दारातल्या चपलांच्या कपाटावर बसून एक बूट काढायचे आणि तो हातात तसाच धरून झोपी जायचे. आई हॉस्पिटलात नर्स, तिच्या ड्युट्या उलटसुलट. घरात कायम कुणीतरी झोपलेलं असायचं आणि बाकीचे कुजबुजत वावरायचे. मला आठवतो तो आमच्या घराचा आवाज म्हणजे ही कुजबुज.

तर त्या चॅनलचं. बिल्डिंगच्या गच्चीवर एक सामायिक अँटेना होती आणि तिची वायर प्रत्येक घरात गेली होती. ती अँटेना सांभाळायचं काम मालकाने, आम्ही सगळे त्याला अरबाब म्हणायचो, पप्पांवर सोपवलं होतं. हॉटेलात गेस्टना पिक्चर दाखवायचा एक जुना डबा भंगारात निघाला. पप्पा तो साहेबांना विचारून घरी घेऊन आले. व्हिडिओची वायर डब्यात, डब्याची वायर अँटेनाच्या वायरीत. मग सगळ्या बिल्डिंगच्या टीव्हीवर एका रिकाम्या नंबरवर आमच्या घरातला पिक्चर दिसायला लागला. पहिले काही महिने शुक्रवारी हिंदी सिनेमे दाखवले. मग उपवासकाळ आला आणि आई म्हणाली, "आता ईस्टरपर्यंत नाचगाणी बंद. दाखवायचंच असेल तर काहीतरी देवाचं दाखव." ईस्टर आला आणि गेला, सिनेमे काही परत आले नाहीत. त्याचं कारण वरच्या मजल्यावर झोपून होतं.

बस्त्यावमामा आमच्या बरोबर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहायचे. मामा गावच्या नात्याने. सगळी बिल्डिंगच त्यांना मामा म्हणायची. गावात त्यांची बायको गेली, घराला कुलूप लागलं, आणि त्यांच्या मुलाने, रॉबर्टदादाने, त्यांना इथे आणलं. आल्यावर काही महिन्यांतच त्यांच्या पोटात गाठ निघाली. हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. रॉबर्टदादाची बायको ग्लोरियावहिनी रिपोर्ट घेऊन आईला विचारायला यायची, किंवा आई वर जायची, आणि मग किचनमध्ये मिक्सर लावून दोघी बोलायच्या, म्हणजे आतल्या खोलीत ऐकू जाऊ नये. मिक्सर बराच वेळ चालायचा. एकदा मी तिथेच होते. आतून मामांचा आवाज आला, "ग्लोरिया, इतकी चटणी कोण खातं गं या घरात?"

त्यांना घरी जायचं होतं. बस, एवढंच. रोज संध्याकाळी रॉबर्टदादा बँकेतून आला की विचारायचे, "कधी जायचं?" आणि तो बूट काढता काढता म्हणायचा, "इन्शाल्ला, मे महिन्यात." हा शब्द आम्ही सगळेच इथे येऊन शिकलो होतो. अरब माणूस तो देवाचं नाव घेऊन मनापासून म्हणतो. आम्ही तो 'नाही' म्हणायची लाज वाटते तेव्हा वापरायचो. मे गेला. मग आगेऱ्याला जाऊ म्हणाला, आमचा सुगीचा सण तो, पावसाळा सरला की येतो. तोही जवळ आला. रॉबर्टदादा वाईट नव्हता हो. गावात बघायला कुणी नाही, तिथलं हॉस्पिटल लांब, त्याला रजा नाही, सगळी कारणं खरीच होती. आणि त्यांच्या खाली एक कारण होतं ते तो कुणाजवळ बोलला नाही. बापाला विमानात बसवलं की बाप गेलाच, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. मामा मात्र आईला स्पष्ट सांगायचे, "फिलू, मला तुझ्या मामीच्या शेजारी जागा आहे. पण मला विमानात वर सीटवर बसून जायचंय. खाली सामानात नाही."

मामांना चर्चला नेणं जमेना झालं, म्हणून आईने ठरवलं की रोझरी, आमची जपमाळेची प्रार्थना, त्यांच्या घरी पोचवायची. आमची स्टोअररूम रिकामी केली. तांदळाच्या गोण्या बेडखाली गेल्या. भिंतीला निळी चादर, इस्त्रीच्या टेबलावर माउलीची, म्हणजे येशूच्या आईची, मूर्ती, दोन मेणबत्त्या, आणि लग्नाची शूटिंग करणाऱ्या एका गोवेकराकडून मागून आणलेला कॅमेरा. संध्याकाळची अजान पूर्ण संपली की पप्पा बटण दाबायचे. अजान चालू असताना आपला आवाज नको, हा त्यांचा नियम होता. आधी घंटा वाजायची, मग आई रोझरी सांगायची, मग मी आजाऱ्यांची नावं घ्यायची, एखादं वाचन करायचं, आणि खलास. अर्धा तास. मी चौदा वर्षांची, केसांना तेल लावून, शाळेचा पांढरा शर्ट घालून उभी राहायचे. स्टोअररूमला एसी नव्हता. दुसऱ्या गूढापर्यंत, म्हणजे रोझरीच्या पाचातल्या दुसऱ्या भागापर्यंत, शर्ट पाठीला चिकटायचा आणि मेणबत्त्या वाकायला लागायच्या.

त्या डब्याच्या अंगात ताकद फारशी नव्हती. तिसऱ्या मजल्यापर्यंत चित्र स्वच्छ, चौथ्यावर माउलीला दोन डोकी, आणि पाचव्यावर नुसत्या मुंग्या. पाचव्या मजल्यावरची मल्याळी मेरीआंटी तरी रोज लावायची. तिला मराठी कळत नव्हतं आणि चित्रही दिसत नव्हतं. "आवाज आता है ना, बस," म्हणायची. शेजारच्या बिल्डिंगमधले दोन वसईकर चिडले, आमच्याकडे का नाही म्हणून. पप्पा म्हणाले, "माझ्याकडे डबा आहे, टॉवर नाही." पण आमच्या बिल्डिंगमध्ये मात्र त्या अर्ध्या तासात जिना गप्प व्हायचा. सहा घरांतून एकच आवाज यायचा, माझ्या आईचा, आणि मधेमधे कुकरची शिटी. बस्त्यावमामा वरून काठी आपटून दाद द्यायचे. 'आमेन'ला एक ठोका. मी वाचताना घाई केली की दोन. एखाद्या नावाचा उच्चार चुकला की ठोकतच राहायचे, मी परत म्हणेपर्यंत. एवढा कडक परीक्षक मला पुढे आयुष्यात भेटला नाही, आणि मी तीस वर्षं अरबी साहेबांच्या हाताखाली काढली आहेत.

आता घंटेबद्दल सांगायला हवं. ती आमच्या गावच्या चर्चची घंटा होती, कॅसेटमध्ये भरलेली. आईचा भाऊ, माझा पास्कूमामा, चर्चच्या भिंतीला टेकून टेपरेकॉर्डर धरून उभा राहिला होता आणि संध्याकाळची घंटा त्याने भरून पाठवली होती. मागे कावळे ओरडत होते, कुणाचीतरी सायकल जात होती. बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, घंटेपेक्षा त्या कावळ्यांनीच रडू येतं. सहासात महिने रोज वाजून ती कॅसेट खराब झाली, घंटा बुडबुड्यासारखी ऐकू यायला लागली. आईने भावाला कळवलं, नवीन घंटा भरून पाठव. पास्कूमामाला कुठलंही काम सांगितलं की तो ते दुपटीने करायचा; मीठ आण म्हटलं तर मिठागर उचलून आणणारा माणूस. त्याने गावातल्या सगळ्याच घंटा भरल्या. सकाळची, दुपारची, लग्नाची, सणाची. आणि गावात कुणीतरी वारलं होतं त्या दिवशी मरणाची.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गावात माणूस गेला की चर्चची घंटा सांगते. सावकाश, एकेक ठोका, मधे लांब थांबून. बाईमाणूस असेल तर आधी लहान घंटा, पुरुष असेल तर आधी मोठी. ती ऐकली की हातातलं काम ठेवायचं आणि त्या घरी चालू लागायचं. कुणाला विचारायचं नाही, बोलावण्याची वाट बघायची नाही. शेतातून चिखलाच्या पायांनी गेलं तरी चालतं. कोण गेलं हे बहुधा आधीच माहीत असतं, कारण कोण आजारी आहे हे गावाला माहीत असतं. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, अंगातच होतं. फक्त पप्पांच्या अंगात नव्हतं. पप्पा वसईचे खरे, पण वाढले मुंबईत काकांकडे. त्यांच्या लेखी घंटा म्हणजे घंटा. वाजली की झालं.

नवी कॅसेट आली त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी आईने ती लावली. मासे साफ करत होती, पुढ्यात शेरी माशांचं ताट. एकेक घंटा लागत गेली तशी ती सांगत गेली, ही दुपारची, ही सणाची. मग ती सावकाश घंटा सुरू झाली. आधी मोठी. आईने खवल्यांनी भरलेल्या हातानेच टेप बंद केला. मी विचारलं काय झालं. म्हणाली, "माझ्या बापाची घंटा मी ऐकली नाही गं. इथे तार आली, चार ओळींची. तेव्हा मी नाइट ड्युटीवर होते. आता दुसऱ्या कुणाची कशाला ऐकू?" आणि परत मासे साफ करायला लागली. कॅसेट होती तिथेच टेपमध्ये राहिली. बटणाला खवले चिकटलेले.

मग आईला दोन तासांसाठी हॉस्पिटलात बोलावलं आणि ड्युटी लांबली. फोन आला, तुम्ही सुरू करा, मी आलेच. पप्पा नुकतेच आले होते, एक बूट हातात घेऊन बसलेले. मी त्यांना उठवलं. ते तसेच एका पायात बूट घालून स्टोअररूममध्ये आले, मेणबत्त्या लावल्या, अजान संपायची वाट बघितली, कॅमेरा चालू केला आणि टेपचं बटण दाबलं.

पहिला ठोका पडला तेव्हा मला काही वाटलं नाही. दुसरा इतका उशिरा आला की मी ओळखलं, ही आईने बंद केलेली घंटा. मी पप्पांकडे बघून मान हलवत होते, पण कॅमेरा माझ्यावर होता, तोंडाने बोलता येईना. पप्पा मला खूण करत होते, नीट उभी राहा, हसरा चेहरा ठेव. तिसरा ठोका. मग मी सरळ पुढे जाऊन टेप बंद केला. पप्पा म्हणाले, "अगं, काय करतेस? लाइव्ह आहे." हेसुद्धा सगळ्या बिल्डिंगने ऐकलं, पण ऐकायला तोवर टीव्हीसमोर कुणी राहिलं नव्हतं. जिन्यात पावलं वाजत होती.

आम्ही दार उघडून बघितलं. सगळे वर चालले होते. चौथ्या मजल्यावरचे खाली येत होते, पहिल्यावरचे वर जात होते. बायकांनी डोक्यावर पदर, ओढणी, जे हाताला लागलं ते घेतलं होतं. एकीच्या हाताला कणीक तशीच. एकजण बनियनवर, एकजण ऑफिसच्या टायमध्ये, आणि बहुतेकांच्या हातात रोझरीसाठी लावलेली मेणबत्ती. आणि कुणी कुणाला विचारलं नाही, कोण गेलं म्हणून. सगळे बरोबर एकाच दारासमोर जाऊन उभे राहिले. मेरीआंटीसुद्धा हातात मेणबत्ती घेऊन आली होती. तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

ग्लोरियावहिनीने दार उघडलं. ती किचनमध्ये होती, टीव्ही आत मामांच्या खोलीत चालू, तिने घंटा ऐकलीच नव्हती. दारात पंधरावीस माणसं मेणबत्त्या घेऊन उभी बघून तिला वाटलं, आपण किचनमध्ये असताना आत काहीतरी झालं आणि ते या सगळ्यांना कळलं, आपल्याला नाही. ती तिथेच उंबऱ्यात खाली बसली. पप्पा गर्दीतून पुढे घुसत म्हणत होते, "चूक झाली, टेपची चूक झाली, सॉरी, माफ करा." एका पायात बूट, एका पायात मोजा. त्यांचं कुणी ऐकेना. तेवढ्यात आतून काठीचा ठोका पडला. मग दुसरा. मग मामांचा आवाज आला, "दारात काय उभे राहिलात? आत या. मी अजून इथेच आहे."

आम्ही आत गेलो. मामा उशीला टेकून बसले होते. किती वाळले होते ते मी त्या दिवशी बघितलं. रोज त्यांची काठी ऐकत होते, पण चेहरा बघून बरेच दिवस झाले होते. टीव्हीवर आमची रिकामी स्टोअररूम दिसत होती, माउली आणि दोन मेणबत्त्या. मामांनी एकेकाकडे बघितलं. सगळ्यांच्या माना खाली. कुणी मेणबत्ती पाठीमागे लपवत होतं. मग ते म्हणाले, "मोठी घंटा आधी वाजली. मीही ऐकली. मीही तेच म्हटलं, बस्त्याव गेला." आणि हसले. आम्ही कुणी हसू शकलो नाही. हसण्यासारखं काय होतं त्यात? बिल्डिंगमध्ये एवढी माणसं, दोघंतिघं औषधावर जगणारी, आणि एकाचंही पाऊल दुसऱ्या दाराकडे वळलं नव्हतं. इतके महिने मिक्सर लावून जे लपवलं, ते आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्या दारात जाऊन सांगितलं होतं.

तेव्हाच रॉबर्टदादा लिफ्टमधून बाहेर आला. त्याने आपल्या दारातली गर्दी बघितली, मेणबत्त्या बघितल्या, उंबऱ्यात बसलेली बायको बघितली. त्याची बॅग हातातून गळाली. "बाबा," एवढंच म्हणाला आणि पॅसेजच्या भिंतीला डोकं टेकून रडायला लागला, लहान मूल रडतं तसं, आवाज काढून. बँकेतला माणूस, रोज इस्त्रीचा शर्ट. लोक त्याला धरून सांगायला लागले, अरे तसं नाही, अरे ते जिवंत आहेत, पण त्याला काही ऐकूच जाईना. शेवटी पप्पांनीच त्याला दोन्ही खांद्यांना धरून आत खेचत नेलं आणि पलंगासमोर उभं केलं. बाप समोर बसलेला, आणि हा त्याच्यासाठी रडतोय. थांबवताच येईना त्याला.

मामांनी त्याला पलंगावर बसायला सांगितलं आणि त्याचा हात धरला. "रडलास ना," ते म्हणाले. "मी आहे तोवर रडून घेतलंस, बरं झालं. मला वाटत होतं, हा रडणार कधी. आता मला पाठव रॉबर्ट. तू भितोस ते झालंच बघ आज. आता काय राहिलंय भ्यायचं?" रॉबर्टदादाने फक्त मान हलवली. पण त्या मानेत इन्शाल्ला नव्हतं. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं.

आई ड्युटीवरून आली तेव्हा सगळे मामांच्या खोलीत रोझरी म्हणत होते. कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. ग्लोरियावहिनीने चणे उकडत घातले, आमच्यात रोझरीनंतर वाटतात तसे. मामांनी दोन चणे तोंडात टाकले आणि मीठ कमी आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गुलखान पप्पांना बोलवायला आला. अरबाबच्या ऑफिसातून फोन होता. मेणबत्त्या घेऊन जिन्यात माणसं फिरतायत, आग लागली की काय, असं कुणीतरी कळवलं होतं, आणि मग बाकीचंही बाहेर आलं. अरबाब सभ्य माणूस होता. रागावला नाही. पप्पांना कॉफी दिली आणि म्हणाला, अँटेना टीव्हीसाठी आहे. घरात प्रार्थना करा, हवी तेवढी करा, पण माझ्या वायरीतून दुसऱ्याच्या घरात काही पाठवायचं असेल तर त्याला परवानगी लागते, आणि ती मला तुमच्यासाठी मागता येणार नाही. पप्पांनी वाद घातला नाही. घरी आले, डबा काढला, वायर गुंडाळली. आई म्हणाली, "एकदा फादरांना विचारून बघ. काही मार्ग निघेल." पप्पा म्हणाले, "दमलो मी, फिलू." आणि चपलांच्या कपाटावर बसले. एवढ्या वर्षांत ते दमतात हे आम्ही बघत होतो, पण त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तांदळाच्या गोण्या परत स्टोअररूममध्ये गेल्या. चॅनल संपलं ते असं. परत कधी सुरू झालं नाही.

मामा पंधरवड्यात गेले. वर, सीटवर बसून, खिडकीजवळ. रॉबर्टदादा बिनपगारी रजा घेऊन सोबत. निघताना सगळी बिल्डिंग खाली उतरली होती. व्हीलचेअर गाडीपाशी आली तेव्हा मामांनी पप्पांना जवळ बोलावलं. पप्पा परत सॉरी म्हणायला लागले, ते त्या दिवसापासून दिसेल त्याला सॉरीच म्हणत होते. मामा म्हणाले, "अंतोन, गप. तुझ्या घंटेने मला पोचवलं. आता गावची वाजेल ती वाजेल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तू. घाई करतेस वाचताना."

आगेरा झाल्यावर थोड्याच दिवसांत फोन आला. गावी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर गेले. रॉबर्टदादा उशाशी होता. आईने फोन ठेवला आणि उभी राहिली. आम्हाला वाटलं रडेल. ती स्टोअररूममध्ये गेली, गोण्यांमागून टेपरेकॉर्डर काढला, कानाशी धरून कॅसेट पुढेमागे केली आणि मग तो पप्पांच्या हातात दिला. "आता बरोबर जागेवर आहे," म्हणाली. पप्पा टेप घेऊन जिन्यात गेले. अजान संपेपर्यंत थांबले. मग आवाज मोठा करून त्यांनी बटण दाबलं. आई त्यांच्या शेजारी उभी राहून सगळे ठोके ऐकत होती, एकही न चुकवता. दारं उघडायला लागली. वरची, खालची. परत सगळे त्याच दारापाशी आले, आणि ते दार कुलूपबंद होतं. कारण ग्लोरियावहिनीही गावी गेली होती. आम्ही बंद दारासमोर उभं राहून रोझरी म्हटली. गुलखान आवाज ऐकून वर आला होता. मला वाटलं आता हा रागावणार. त्याने आमच्याकडे बघितलं, लिफ्टचं दार उघडून त्यात पाय अडकवला, म्हणजे लिफ्ट चालून आवाज होऊ नये, आणि शेवटपर्यंत तसाच उभा राहिला.

पुढे लग्न झालं, दुबईला आले, पप्पा गेले, आई गेली. दोघंही गावी, वेळेवर. त्यात रॉबर्टदादाचा धडा आम्हाला कामी आला. माझा नवरा मात्र इथे हॉस्पिटलात गेला आणि खालच्या सामानातून गेला. घाईघाईत झालं सगळं, कुणाचा दोष नाही. ती कॅसेट माझ्याकडे आहे. ती वाजवायचं यंत्र या घरात नाही, आणि मोबाइलवर सगळ्या जगाच्या घंटा आहेत.

मलाही गेल्या महिन्यात तपासण्या सांगितल्या आहेत. रिपोर्ट आले, मुलगा म्हणाला, नॉर्मल आहे मम्मी, थोडं रक्त कमी आहे. मी म्हटलं, मग मला जरा गावी सोडून ये. "हो ना. इन्शाल्ला, मे महिन्यात बघू," तो म्हणाला, बूट काढता काढता. माझा मुलगा गुणी आहे. त्याला या गोष्टीतलं काही माहीत नाही, मी कधी सांगितलीच नव्हती.

आज दुपारी मी हे लिहीत बसले होते. तो ऑफिसमधून लवकर आला आणि सरळ किचनमध्ये गेला. सून आधीच तिथे होती. मग मिक्सर सुरू झाला. बराच वेळ चालला. नुसताच घरघरत होता. भांड्यात काही असलं की आवाज जड येतो, तेवढं मला अजून कळतं.

मी इथूनच हाक मारून विचारलं, "इतकी चटणी कोण खातं रे या घरात?"

मिक्सर बंद झाला. थोड्या वेळाने मुलगा बाहेर येऊन दारात उभा राहिला. डोळे लाल. मी कागद बाजूला सारून सोफ्यावर जागा केली.

"ये, बस इथे," मी म्हटलं. "रडून घे. आणि मग खिडकीजवळची सीट बघ."